क्रूझरवर दोन वर्षं: कंबर, कान आणि गल्ली

माहुलीकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दोन वर्षांपूर्वी ३५० सीसीची क्रूझर घेतली, परवा मीटरवर २३,४०० किलोमीटर झाले. घर साताऱ्यात, आठवड्यातून दोन दिवस कामासाठी कराड, आणि महिन्यातला एखादा रविवार कास, पसरणी घाट नाहीतर सरळ आंबोली. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी जे सांगणार आहे ते या बांध्याच्या सगळ्याच गाड्यांना लागू आहे, आणि नाव लिहिलं की धागा 'कुठली कंपनी भारी' या वळणावर जातो.

गाडी घेतली ती बसायच्या ऐटीसाठी. बुटकी सीट, पाय पुढे, हँडल छातीकडे आलेलं. शोरूमच्या दारात बसलो तेव्हा वाटलं की घरच्या आरामखुर्चीत बसलोय. पहिला महिना उंब्रजपर्यंत अगदी मजेत जायचो. तासवड्याचा टोलनाका दिसायला लागला की माकडहाड बोलायला लागायचं. आंबोलीच्या पहिल्या फेरीत तर कोल्हापूरच्या पुढे दर अर्ध्या तासाला उतरत होतो, आणि घरी आल्यावर दोन दिवस खुर्चीवर उशी घेऊन बसलो.

हे का होतं ते समजायला मला बरेच दिवस लागले. साध्या गाडीवर पाय आपल्या बुडाखाली असतात. खड्डा दिसला की आपण नकळत पायावर जोर देऊन एक इंचभर उठतो आणि दणका गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे उठताच येत नाही. दणका सरळ माकडहाडावर बसतो आणि तिथून मणक्यात चढतो. त्यात ताशी ९० च्या वर वारा छातीवर ढकलतो, म्हणून आपण हँडलला लोंबकळतो आणि खांदे भरून येतात. म्हणजे शोरूममध्ये जी बैठक आरामाची वाटते ती उभ्या गाडीवरची बैठक असते. चालत्या गाडीवर तिचं गणित वेगळं.

मी काय काय केलं ते सांगतो, चुकांसकट.

पहिली चूक सीटची. गावातल्या सीटवाल्याकडून वर दोन इंच मऊ फोम घातला. बसल्यावर गादी, पण अर्ध्या तासात फोम चेपून तळाला टेकला आणि मी पुन्हा पत्र्यावर. उंची वाढली म्हणून पायही नीट टेकेनात. दुसऱ्या सीटवाल्याने सगळं उचकटलं, कडक आणि दाट फोम घातला, बैठक रुंद केली आणि माकडहाड जिथे येतं तिथे मागच्या बाजूला खोलगट खाच सोडली. हाताला ही सीट टणक लागते, पण तीन तास बसता येतं. मऊपणाला भुलू नका, एवढंच म्हणेन.

दुसरी गोष्ट मागच्या शॉकअपची. स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायची कडी असते, ती गाडी घेतल्यापासून कुणीही हलवलेली नव्हती. एकट्याला जो ताण लागतो तो डबलसीटला पुरत नाही. बायकोला घेऊन निघताना दोन घरं वाढवली आणि गाडी तळाला आपटायची थांबली. या कामाला एक पैसा लागला नाही. चाकातली हवासुद्धा पुस्तिकेत दिलेलीच ठेवतो, पंपावरचा पोरगा देईल ती नाही.

तिसरं हँडल. क्लँप सैल करून जरासं स्वतःकडे फिरवलं. कोपर सरळ ताठ राहायचं ते आता किंचित वाकलेलं राहतं. खांद्यांचं दुखणं यातच निम्मं गेलं.

आता आवाज. हा भाग लिहायला मला जड जातंय, तरी लिहितो.

आपल्या भाषेत मोटरसायकलला फटफटी म्हणतात. म्हणजे आपल्याकडे या वाहनाचं नावच त्याच्या आवाजावरून पडलंय. लहानपणी गावात एकच बुलेट होती, ती पांदीला लागली की आम्ही पोरं रस्त्यावर यायचो. तो ठोका माझ्या डोक्यात बसलेला होता. नव्या गाडीचा सायलेन्सर मला फार गप्प वाटला. सहाव्या महिन्यात एका गॅरेजमधून शॉर्ट बॉटल, म्हणजे बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, बसवून घेतली. तिथे सांगितलं, "साहेब, पिकअप पण वाढेल." पिकअप वाढला नाही. आवाज वाढला आणि मी पहिले आठ दिवस खूश होतो.

मग कराडहून परतताना डोकं दुखायला लागलं. पन्नास किलोमीटरनंतर कानात तीच घरघर, जेवतानासुद्धा. सकाळी सहाला निघायचो तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी ढकलत न्यायचो, १९० किलोची. एके दिवशी ढकलता ढकलता मनात आलं की आपण घरासमोर चालू करायला लाजतो ती वस्तू गाडीला लावून फिरतोय. साडेतीन महिन्यांनी कंपनीचा सायलेन्सर परत बसवला. फोनवरच्या ॲपने दोन्ही वेळा एकाच जागी उभं राहून मोजलं होतं. ॲप अचूक नसतं हे मान्य, पण फोन तोच, जागा तीच, आणि फरक बारा डेसिबलच्या आसपास होता. दहा डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

माझं म्हणणं असं की क्रूझरचा आराम सीटवर संपत नाही, कान हाही त्यातला भाग आहे. तुम्ही लोक कसे पोचलात इथपर्यंत? सीट, हँडल, काच, सायलेन्सर, सगळ्यावर लिहा.


अडीचशे_मैल

उत्तम धागा. मी जुना ॲव्हेंजरवाला. आपल्याकडे सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी क्रूझर आली ती पुण्याच्या आकुर्डीच्या कंपनीमुळे. २००१ मध्ये कावासाकी बजाज एलिमिनेटर आली, १७५ सीसीची, आणि तिच्याच बांध्यावर २००५ मध्ये ॲव्हेंजर. पुढे २०० झाली, मग २२०. त्याआधी क्रूझर म्हणजे परदेशी मासिकातला फोटो. २००२ मध्ये रॉयल एनफिल्डची थंडरबर्डही आली, पण तो वेगळ्या वजनाचा मामला होता.

माझी अजून धावते. गाडी हलकी आहे आणि आवाज अगदी साधा. महामार्गावर ८० च्या आसपास ठेवली की दिवसभर चालते. थांबे मात्र ठरलेले: ६० ते ७० किलोमीटरला उतरायचं, हेल्मेट काढायचं, पाच मिनिटं चालायचं. दुखायला लागल्यावर थांबून उपयोग नाही, दुखायच्या आधी थांबायचं.


सप्तशृंगी

माहुलीकर दादा, छान लिहिलंत. बाईच्या बाजूने थोडं लिहिते.

माझी उंची पाच फूट एक इंच. बहुतेक गाड्यांवर माझे नुसते चवडे टेकतात आणि सिग्नलला जीव मुठीत धरावा लागतो. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटर उंचीवर आहे, रॉयल एनफिल्डच्या मीटिओर ३५० ची ७६५. नव्या सुपर मीटिओर ६५० चं वजन २४१ किलो आहे तरी सीट ७४० वर. माझ्यासारखीला क्रूझर म्हणजे दोन्ही तळवे जमिनीवर टेकणं. आराम या शब्दाचा माझा अर्थ तिथून सुरू होतो. नाशिकहून वणी आणि पुढे सापुतारा मी एकटी जाऊन आले, आणि सगळ्यात जास्त भरवसा मला त्या टेकलेल्या पायांचा होता.

पण यू टर्न! पुढचं चाक लांब बाहेर काढलेलं असतं, त्यामुळे हळू वेगात गाडी वळायला तयार नसते, हँडल एकदम आत पडतं. माझी गाडी पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा आडवी झाली, दोन्ही वेळा ताशी पाचच्या वेगात. मग एका रिकाम्या मैदानात चार सकाळ घालवल्या. क्लच अर्धा सोडलेला, मागचा ब्रेक हलका दाबलेला, नजर जिथे जायचं तिकडे, आणि पुढच्या ब्रेकला हात नाही. हे जमलं आणि भीती गेली. नवीन क्रूझर घेणाऱ्या प्रत्येकीला सांगेन की आधी मैदान, मग महामार्ग.

मागे बसणाऱ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. क्रूझरची मागची सीट अरुंद असते आणि गाडीने पिकअप घेतला की मागचा माणूस घसरतो. माझी आई मागे बसते. टेकायला पाठ लावून घेतली तेव्हापासून ती स्वतःहून विचारते, रविवारी कुठे जायचं म्हणून.


मिस्त्री_कोल्हापूर

नमस्कार. गॅरेज चालवून सव्वीस वर्षं झाली, लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

सायलेन्सरबद्दल दोन शब्द. पोरं येतात आणि म्हणतात, "मामा, जुन्या बुलेटचा ठोका पाहिजे." मी विचारतो, ठोका पाहिजे का आवाज पाहिजे? दोन्ही एकच असं त्यांना वाटतं. तसं नाही.

ठोका इंजिनात असतो. जुन्या बुलेटचं इंजिन ३४६ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९०. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, एकच सिलिंडर. इंजिन सावकाश फिरायचं, म्हणून एका स्फोटापासून दुसऱ्या स्फोटापर्यंत कानाला मोकळी जागा मिळायची. ती मोकळी जागा म्हणजेच ठोका. आताच्या ३५० चं बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८, वर थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट. त्यामुळे हाताला झिणझिण्या येत नाहीत, आरसा थरथरत नाही. ठोका थोडा मऊ झाला, पण माणूस दिवसभर गाडी चालवायला लागला. बाहेरून कुठलीही नळी लावली तरी इंजिनाचा स्ट्रोक बदलत नाही बघा. नळी फक्त जे आहे ते मोठ्याने सांगते.

आत काय असतं तेही सांगतो. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये दोनतीन कप्पे असतात, मध्ये पत्र्याचे पडदे आणि भोकं पाडलेल्या नळ्या. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घेत जातो, आवाजाच्या लाटा आपसात आदळून मरतात. बाजारातल्या शॉर्ट बॉटल, डॉल्फिन, पंजाब, इंदोरी यांतल्या बऱ्याच नुसत्या सरळ नळ्या. आत जाळी आणि भोवती ग्लासवूल. नवीन असताना ग्लासवूल थोडा आवाज पितं. चार-सहा महिन्यांत ते जळून उडून जातं आणि मग राहतो तो रिकामा डबा. गिऱ्हाईक म्हणतं, "आता सेट झाला आवाज." सेट नाही झाला, आतलं संपलं.

२०२० नंतरच्या बीएस ६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांना आणखी एक गोष्ट आहे. इंजिनातून धूर काढणाऱ्या बेंड पाइपजवळ ऑक्सिजन सेन्सर असतो, धूर बघून तो पेट्रोल किती सोडायचं ते सांगतो. नळी मोकळी केली की हवेचं गणित बिघडतं, गाडी सोडताना मागे फटफट फुटते, कधी मीटरवर पिवळा दिवा लागतो. आणि किल्ली बंद-चालू करून जे फटाके वाजवतात ते न जळलेलं पेट्रोल गरम नळीत पेटतं. धूर साफ करणारा आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने वितळतो. त्याची किंमत ऐकली की तीच पोरं गप बसतात.

मी स्वतः २०१९ पासून असले सायलेन्सर बसवायचे बंद केले. गिऱ्हाईक गेलं थोडं. जाऊ दे.


स्वार_९७

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

मला मोठा आवाज आवडतो आणि त्यामागे कारण आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर दोनदा ट्रकवाल्याने मला न बघता लेन बदललीय. मोठा सायलेन्सर लावल्यापासून समोरच्याला कळतं की बाजूला कोणीतरी आहे. मला जगायचंय, म्हणून आवाज.

दुसरं, आवाज ही गाडीची ओळख असते. हार्ले डेव्हिडसनने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून अमेरिकेत अर्ज केला होता. कंपनीला स्वतःला त्याची किंमत कळते, तर आपण का लाजायचं?


माहुलीकर (धागाकर्ता)

स्वार_९७, मोकळेपणाने लिहिलंस, बरं वाटलं. ट्रकचा अनुभव मलाही आहे, खिंडवाडीजवळ एकदा अगदी थोडक्यात वाचलो. म्हणून तुझं म्हणणं उडवून लावणार नाही.

पण नळीचं तोंड मागे असतं. आवाजाचा मोठा भाग आपण ओलांडून आलो त्या माणसाकडे जातो. ज्याच्यापासून धोका आहे तो पुढे असतो किंवा शेजारी, केबिनच्या काचा बंद करून, त्याच्या स्वतःच्या इंजिनाच्या आवाजात बसलेला. तुझा आवाज त्याला पोचतो तेव्हा बहुतेक वेळा तू त्याच्या बरोबरीला आलेला असतोस. मी त्यापेक्षा तीन गोष्टींवर भरवसा ठेवतो: आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला मी दिसत नाही असं धरून चालायचं, मागच्या चाकांच्या बाजूला रेंगाळायचं नाही, आणि ओलांडायच्या आधी हॉर्न आणि दिवा दोन्ही. हॉर्न पुढे तोंड करून बसवलेला असतो, तो त्याच कामाचा आहे.


मिस्त्री_कोल्हापूर

हार्लेचा तो अर्ज कंपनीने २००० मध्ये मागे घेतला. आणि तो आवाजसुद्धा नळीचा नाही, भावा. दोन सिलिंडर ४५ अंशांत, आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे एक स्फोट ३१५ अंशांनी होतो, पुढचा ४०५ अंशांनी. लंगडी चाल. ती चाल क्रँकमध्ये कोरलेली आहे, नळी कितीही गप्प केलीत तरी ती राहते.


तिसरा_मजला

मी गाडी चालवत नाही, पण धागा वाचतेय. लिहू की नको असा विचार करत होते.

आमचं घर पुण्यात चौकाला लागून, तिसऱ्या मजल्यावर. वडिलांचं बायपास झालं तेव्हा त्यांना दोन महिने घरी ठेवलं होतं. रात्री साडेअकरा ते एक या वेळात काही गाड्या चौकातून फटाके वाजवत जायच्या. वडील झोपेतून उठून छातीला हात लावायचे. त्यांना काही होत नव्हतं, डॉक्टरांनीही तसं सांगितलं होतं. पण ऑपरेशन झालेल्या माणसाचा हात छातीवर गेला की घरातलं कोणीच पुन्हा झोपत नाही. आई दिवा लावून बसायची.

मी पोलिसांना फोन केला, नंबर टिपायचा प्रयत्न केला. तिसऱ्या मजल्यावरून नंबर दिसत नाही, गाडी दहा सेकंदांत गेलेली असते. चालवणाऱ्याला आमचं घर माहीत नाही आणि आम्हाला तो माहीत नाही. त्याच्यासाठी ते दहा सेकंद, आमची अख्खी रात्र.

स्वार, तुमच्यावर राग नाही. तुम्ही जगायचं म्हणून आवाज लावलात हे पटतं. फक्त रात्रीचा चौक कसा ऐकू येतो ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिलं.


वकिली_चष्मा

ताई, वडील आता बरे असतील अशी आशा. दिवसा निवासी भागाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५, असं २००० चे ध्वनी प्रदूषण नियम सांगतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र.

गाडीचं वेगळं. दुचाकी कारखान्यातून बाहेर पडताना १७५ सीसीच्या वर असेल तर ८० डेसिबलच्या आत असावी लागते. ८० ते १७५ सीसीला ७७, त्याखाली ७५. सायलेन्सर बदललात की ती मंजुरी उरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागलं तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. गाडीत परवानगीशिवाय बदल केला म्हणून मालकावर १८२अ(४) वेगळं, दर बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "पीयूसी आहे की माझ्याकडे" असं बरेच जण म्हणतात. पीयूसी धुराची असते, आवाजाची नाही.


इसारकाठ

म्युनिकहून लिहितोय, मूळ सांगलीचा. इथे उन्हाळ्यात आम्ही दोनचार मराठी मंडळी शनिवारी ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये गाड्या घेऊन जातो. २०२० च्या जून महिन्यापासून तिथल्या रॉयटे जिल्ह्यात काही घाटरस्त्यांवर मोसमात एक बंदी लागू झाली: ज्या मोटरसायकलच्या कागदपत्रांत उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर लिहिलेला आहे, तिला त्या रस्त्यांवर प्रवेश नाही. लेख नदीचं खोरं, टानहाइमचं खोरं, हानटेनयोखचा घाट. सगळे आमच्या आवडीचे.

लक्षात घ्या, बंदी बेकायदा नळ्यांवर नव्हती. कारखान्यातून कायदेशीर आलेल्या, एक बोल्टही न बदललेल्या कितीतरी गाड्या त्यात अडकल्या. माझ्या मित्राची अशीच एक. त्याने वर्षभर चडफड केली आणि मग विकून टाकली. दऱ्या अरुंद, गावं तळाशी, आणि शनिवार-रविवार शेकडो गाड्या. लोक कंटाळले आणि निर्णय एका आकड्यावर आला. तो आकडा आणि वकिली_चष्मा यांनी दिलेला ८० चा आकडा एकमेकांशी ताडून बघू नका. इथला नळीपासून अर्ध्या मीटरवर मोजलेला असतो, तिकडचा साडेसात मीटरवरून जाणाऱ्या गाडीचा.

मला आपल्या घाटांची काळजी वाटते. ताम्हिणी, वरंध, आंबोली इथली गावंही दरीतच आहेत, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू इथे दुचाकीला आधीच मज्जाव आहे. आपल्याकडे उरलेत ते हेच रस्ते.


कर्णपिशी

पेशाने कानाची डॉक्टर, आणि शनिवारी ३५० ची स्वार. माहुलीकरांच्या डोकेदुखीबद्दल लिहिते, कारण तिथे सायलेन्सर हा अर्धाच दोषी होता.

हेल्मेटभोवती वाऱ्याची जी घुसळण होते तिचाच आवाज महामार्गाच्या वेगाला ९० डेसिबलच्या वर जातो. गाडी कितीही गप्प असू दे. कानाच्या दृष्टीने ८५ डेसिबल आठ तास ही सर्वसाधारण सीमा धरतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. कराडचा एक फेरा यात हिशोबाला लागतो. वर मोठी नळी असेल तर बघायलाच नको. कानात राहणारी घरघर म्हणजे आतल्या पेशी दमल्याची खूण. बऱ्याचदा त्या सावरतात, रोज दमवल्या तर सावरत नाहीत, आणि मेलेली पेशी परत उगवत नाही.

उपाय स्वस्त आहे: फोमचे इअरप्लग. बोटात वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचे. नुसते तोंडाशी खुपसले तर काही होत नाही. "हॉर्न ऐकू येणार नाही" ही शंका सगळ्यांना येते. माझा अनुभव उलट आहे. वाऱ्याचा गोंगाट खाली जातो आणि हॉर्न त्यातून स्वच्छ वेगळा ऐकू येतो. गर्दीच्या शहरात मी काढून ठेवते, महामार्गाला लागताना घालते.

काचेबद्दल एक. पुढची काच बुटकी असेल तर तिच्या कडेवरून सुटलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळतो आणि आवाज वाढतो. काच लावून डोकं जास्त दुखायला लागलं असेल तर ती काढून एकदा चालवून बघा. माझी मी विकून टाकली.


अडीचशे_मैल

डॉक्टर, हे प्लगचं वीस वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवं होतं. डाव्या कानात शिट्टी आहे माझ्या, वयाची समजत होतो. उद्याच आणतो.

एक विचारायचं राहिलं. लेगगार्डला जादा फूटरेस्ट लावून पाय लांब करतात, ते कोणी वापरतं का?


सप्तशृंगी

काका, मी लावले होते, काढले. पाय तिथे असला की ब्रेकवर यायला वेळ लागतो. दिंडोरी रोडवर कुत्रं आडवं आलं तेव्हा तो वेळ केवढा असतो ते कळलं. पाय अवघडले तर थांबते.


स्वार_९७

तीन दिवस हा धागा रोज उघडतोय. तिसरा मजला ताईंचा प्रतिसाद वाचून काल रात्री लवकर परत आलो आणि सोसायटीच्या गेटबाहेर गाडी बंद केली. गेटपासून ढकलत आणली. माहुलीकर सर, तुमचं ढकलणं तेव्हा आठवलं.

ट्रकची भीती अजून आहे, ती एका धाग्याने जाणार नाही. पण कानाचं माझंही तेच आहे, रात्री झोपताना घरघर असते. मी ती पंख्याची समजत होतो.

मामा, कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर पडून आहे, दीड वर्ष झालं. पावसाळ्यात ओल येते तिथे. परत लावता येईल का? आणि मागे फटफट फुटते ती त्याने जाईल?


मिस्त्री_कोल्हापूर

येईल की. आधी उभा करून आपट, आतून गंजाचे पापुद्रे पडतात का बघ. थोडे पडले तर चालतंय, खडखड वाजलं तर आतला पडदा सुटलाय, मग वेल्डिंगवाल्याकडे ने. बेंड पाइपच्या तोंडाची पॅकिंग नवीन घ्यायची, जुनी परत लावायची नाही, शंभर-दीडशेची वस्तू आहे. फुटण्याचं बहुतेक कारण तीच गळकी पॅकिंग आणि मोकळी नळी. नट गाडी गरम असताना खोलू नको, स्टड तुटतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेव.

लावल्यावर थंड इंजिन चालू करून जोडावर हात धर. फुसफुस लागली तर अर्धा आटा अजून.


माहुलीकर (धागाकर्ता)

स्वार, पुण्याहून येणं जमत असेल तर येत्या रविवारी सकाळी वाईत गणपती घाटावर ये, साताऱ्याचे आम्ही तिघे असतो. १२ आणि १४ चा पाना माझ्याकडे आहे, पॅकिंग तू आण. तिथून पसरणी चढू.

सीटच्या खाचेचं माप दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय. सीटच्या मागच्या कडेपासून सात इंच पुढे सुरू होते, तीन इंच रुंद, खोली एक इंचाला थोडी कमी. फोटो उजेडात काढून उद्या टाकतो.


तिसरा_मजला

वडील बरे आहेत. रोज सकाळी तळजाईला चालायला जातात.